शेगडी आणि डबा

त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की ते नाव त्याचं त्यानेच ठेवलं होतं. फोनवर ट्यूब अँप्लिफायरवाल्यांचा एक गट होता, 'ऊब' नावाचा. बेचाळीस माणसं, निदान साठ मतं, आणि सकाळी दात घासण्याआधीपासून त्यांची देवाणघेवाण. गटात शिरताना टोपणनाव द्यावं लागे. दातांच्या डॉक्टरांनी 'श्रोता' असं लिहिलं, गणिताच्या मास्तरांनी 'शिकाऊ' असं लिहिलं, आणि आपल्या या गृहस्थांनी क्षणाचाही विचार न करता 'कानसेन' असं ठोकून दिलं. पुढे ते नाव घरी पोचलं, मग दुकानात पोचलं, आणि एके दिवशी बायकोने भर गिऱ्हाइकांत "कानसेन, तो मोठा आरसा द्या जरा इकडे" अशी हाक मारली. त्या दिवशी त्यातली ऐट गेली आणि नुसतं नाव उरलं.

धंद्याने तो चष्मेवाला. एका बाजूला बुटांचं दुकान, दुसऱ्या बाजूला औषधांचं, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत तो आणि त्याची बायको लोकांचे नंबर काढत. नंबर काढायचं काम बायकोकडे होतं, कारण तिला धीर होता. काच घालायची, विचारायचं, "हे बरं का ते बरं?" काच बदलायची, पुन्हा विचारायचं. गिऱ्हाईक जरा जास्तच पटापट उत्तरं द्यायला लागलं की ती एक गंमत करी. काच काढायची, खणातल्या काचांशी उगीच टकटक वाजवायची, आणि तीच काच परत घालायची. "आता?" दहातले सात जण म्हणत, "हां, आता एकदम स्वच्छ." ही युक्ती तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानेच शिकवली होती. "ज्याला 'सारखंच दिसतंय' असं म्हणता येतं ना, त्याचाच नंबर बरोबर निघतो," असंही तो तेव्हा मोठ्या रुबाबात म्हणाला होता. चांगलं बोलला होता. बोललेलं आठवणीत ठेवलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्याच्याकडे ट्यूबचा अँप्लिफायर होता. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, आत लाल होणारी तार, आणि खाली माणसाने एकट्याने उचलू नये इतका जड लोखंडी पाट. चालू केल्यावर वीस मिनिटं त्याला तापू द्यावं लागे. हिवाळ्यात मांजर त्याच्याजवळ जाऊन झोपे आणि उन्हाळ्यात घरातली माणसं दुसऱ्या खोलीत जात. बायको त्याला शेगडी म्हणे. कानसेन त्या नळ्या चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसायचा, बोट न लावता, आणि पुसताना गटातल्या लोकांसाठी मनातल्या मनात वाक्यं जुळवायचा. 'आवाजाला मांसलपणा आहे.' 'गायिकेच्या ओठांवरचा ओलावा ऐकू येतो.' एकदा त्याने नवी वायर लावल्यावर आवाजात काय काय बदललं यावर तीनशे शब्द लिहिले. चार दिवसांनी कपाट आवरताना ती नवी वायर पाकिटात जशीच्या तशी सापडली. ते तीनशे शब्द अजून गटात आहेत आणि लोक अजून त्यांचा आधार घेतात. त्याला ते पुसायचं धाडस झालं नाही.

या सगळ्या खुळात त्याचा खरा जोडीदार एकच होता. मोठ्या बहिणीचे यजमान, भावोजी. आयुष्यभर लिफ्ट तपासण्याची नोकरी केलेला माणूस. तरुणपणी भिंतीला कान लावून कुठल्या मजल्यावरचं चाक झिजलंय ते सांगत. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या इमारतीत गेले की लिफ्टमधून उतरताना "तेल मागतेय" असं म्हणाल्याशिवाय राहत नसत. गेली वीस वर्षं दर रविवारी सकाळी दहा वाजता ताई आणि भावोजी यायचे. ताई आणि बायको स्वयंपाकघरात गप्पा मारत बसायच्या आणि हे दोघे बाहेरच्या खोलीत, फरशीवर चिकटपट्टी लावून जागा ठरवलेल्या दोन खुर्च्यांवर, तोंडातून अवाक्षर न काढता ऐकत बसायचे.

दर रविवारी पहिलं गाणं ठरलेलं होतं. एक बाई गाते, मागे पियानो, आणि दोन कडव्यांच्या मधे एक चिमुकली घंटा तीनदा वाजते. इतकी हळू की दहा वर्षं गाणं ऐकणाऱ्यालाही ती आहे हे कळू नये. ती पहिल्यांदा भावोजींनी ऐकली होती. डोळे मिटलेले असताना त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर गेलं होतं, आणि कानसेनने गाणं मागे नेऊन पाहिलं तर खरंच घंटा. तेव्हापासून तो रिवाजच पडला. घंटा आली की दोघांचीही बोटं वर. स्वयंपाकघरातून ताई कधी डोकावली तर म्हणे, "बघ, वर्गात उत्तर येणारी दोन मुलं."

मग भावोजींनी डबा घेतला.

डबा म्हणजे डिजिटल अँप्लिफायर, सगळं एकातच असलेला. जेवणाच्या डब्याएवढा. फोनवरून गाणं घेतो, स्वतःच मोठं करतो, तापत नाही, दिसत नाही, वाट बघायला लावत नाही. कानसेनला हे त्यांच्या तोंडून कळलं असतं तर त्याने तोंड वाकडं केलं असतं आणि विषय मिटला असता. पण भावोजींनी ते गटात लिहिलं. एरवी ते गटात काही लिहीत नसत, इतरांचं वाचून नुसते गालात हसत. त्या दिवशी मात्र त्यांनी लिहिलं: 'आपण इतकी वर्षं जिला ऊब म्हणतो आहोत तो खरं तर धूसरपणा असावा. नव्या डब्यात सगळं स्वच्छ येतं. जे हरवलं होतं ते परत मिळालं.'

'ऊब' नावाच्या गटात हे लिहिणं म्हणजे आगीत तेल ओतणं होतं. चाळीस माणसं कानसेन काय म्हणतो याची वाट बघू लागली, म्हणजे निदान त्याला तसं वाटलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि लिहिलं: 'भावोजींनी अँप्लिफायर बदलण्याआधी एकदा कान तपासून घ्यायला हवे होते. आमच्या दुकानात हे रोज बघतो. लोक डोळे तपासत नाहीत आणि दिवा बदलतात.'

सोळा जणांनी हसरी तोंडं पाठवली. दातांच्या डॉक्टरांनी टाळ्या पाठवल्या. कानसेन खुशीत होता. त्याने बायकोला ते वाचून दाखवलं, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे त्यांना वाचून दाखवलं असतंत का, समोर बसून?" त्याने या प्रश्नाकडे कानाडोळा केला. तासाभराने भावोजी गटातून बाहेर पडले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

आता खरं तर कानसेन धाकटा. एक फोन करायचा, 'या की' म्हणायचं, संपलं असतं. पण त्याने मनाशी असा हिशोब मांडला की धाकट्याचे लाड करायचे असतात, तेव्हा फोन मोठ्याने करायला हवा. हा हिशोब त्याला स्वतःलाही पटत नव्हता. पण मांडला होता, आणि मांडलेलं पुसायची त्याला सवय नव्हती हे आपण वायरच्या बाबतीत पाहिलंच आहे.

असे पाच महिने गेले. दर रविवारी पावणेदहाला तो शेगडी पेटवायचा, वीस मिनिटं थांबायचा, आणि एका खुर्चीवर बसायचा. गाणं तेच. घंटा आली की बोट आपोआप वर जाई, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तो ते हळूच खाली घेई, डास मारायला उचलल्यासारखं. त्याला भावोजींची फार आठवण येत होती. गटात बेचाळीसचे एक्केचाळीस झाले होते, आणि त्या एक्केचाळीसपैकी एकालाही आपल्याबद्दल अँप्लिफायरपलीकडे काही माहीत नाही, हे त्याच्या हळूहळू लक्षात येत होतं. पण ट्यूबची ऊब हा आता तत्त्वाचा प्रश्न झाला होता. तत्त्वाचा प्रश्न असला की माणसाला माघार घेता येत नाही, निदान तसं म्हणायची सोय असते.

शेवटी ताईने बायकोला फोन केला. "हे रविवारी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून बसतात," ती म्हणाली, "आणि मग तोच शर्ट घालून पेपर वाचतात. मला नाही बघवत."

"आमचे खुर्चीशी बोलायला लागलेत," बायको म्हणाली. "काय तो एकदाचा सोक्षमोक्ष लावूया."

ठरलं असं की कानसेनच्या घरी दोन्ही अँप्लिफायर एकाच स्पीकरच्या जोडीला लावायचे, मधे खटका बसवायचा. पुढे चादर टांगायची. चादरीमागे बायको बसेल आणि सहा वेळा गाण्याचा तोच तुकडा लावेल, मनाला येईल त्या अँप्लिफायरवर. या दोघांनी प्रत्येक वेळी चिठ्ठीवर लिहायचं: ट्यूब का डबा. ज्याची जास्त उत्तरं बरोबर, तो जिंकला. हरणाऱ्याने गटात स्वतःच्या हाताने तसं लिहायचं. नियम कानसेनने गटाकडून मागवले, कारण त्याला घरच्यांचा भरवसा नव्हता. गटाने चार दिवस खल करून सतरा नियम पाठवले. नववा होता, 'हातवारे, मान डोलावणे किंवा बोट वर करणे निषिद्ध.' अठरावा नियम बायको आणि ताईने मिळून घातला: कुणीही हरो, पुढच्या रविवारपासून दहाला आधीसारखं भेटायचं.

कानसेनने मान्य केलं. त्याला जिंकायचं होतं, आणि त्याहून जास्त अठराव्या नियमाची घाई झाली होती. पण जिंकायचंही होतं.

रविवारी भावोजी डबा पिशवीतून घेऊन आले. पाच महिन्यांनी दोघं समोरासमोर आले आणि दोघांनीही एकमेकांच्या चपलांकडे बघितलं. मग आवाजाची पातळी सारखी करायचं काम सुरू झालं, तेही ताईमार्फत.

"ताई, यांना सांग डब्याचा आवाज अर्ध्या घराने कमी करा."

"याला सांग, झाला," भावोजी म्हणाले.

"तुम्ही दोघं तीन फुटांवर आहात," ताई म्हणाली, पण निरोप पोचवले.

पातळी लागली. दोघं आपापल्या खुर्चीवर बसले. चिकटपट्टीच्या खुणा अजून होत्या. बायको चादरीमागे गेली, काहीतरी खुडबुड झाली, खटक्याचा टक् असा आवाज आला, आणि बाई गायला लागली.

कानसेनने डोळे मिटले. दोन ओळी ऐकल्या आणि त्याला कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं, पण ते वाटणं इतकं घट्ट होतं की त्यावर घर बांधता आलं असतं. त्याने लिहिलं: 'ट्यूब. बाई खोलीत येऊन बसली आहे.' पुन्हा टक्, पुन्हा तेच गाणं. या वेळी आवाज पत्र्याचा वाटला. घंटा कानाला टोचली. 'डबा. घंटेला कडा आहेत.' तिसऱ्या वेळी टक् टक् असा दोनदा आवाज झाला आणि त्याला जिवात जीव आल्यासारखं झालं. 'ट्यूब. हुश्श.' चौथा डबा, 'ऐकून थकवा येतो.' पाचवाही डबा, 'सगळं आहे पण जीव नाही.' सहाव्यांदा बाईने सूर लावला तेव्हा त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. 'ट्यूब. घरी आलो.' चिठ्ठीवर जागा उरली नाही म्हणून त्याने उलट्या बाजूला सही केली.

भावोजींच्या चिठ्ठीवर काय होतं ते दिसत नव्हतं. ते प्रत्येक वेळी एकच शब्द लिहीत आणि पेन टोपण लावून खिशाला अडकवत. चौथ्या वेळेनंतर मात्र त्यांनी रुमालाने मान पुसली, आणि पाचव्या वेळेनंतर पेन खिशाला न लावता हातातच घट्ट धरून ठेवला. कानसेनला वाटलं, घाबरले. बरं वाटलं त्याला. आता आठवलं की त्या बरं वाटण्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बायको चादरीमागून बाहेर आली तेव्हा शेगडीजवळ बसून तिचा चेहरा लाल झाला होता. तिने कानसेनची चिठ्ठी घेतली, पुढून वाचली, मागून वाचली, आणि बाजूला ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "पातळी लावून झाल्यावर मी डब्याची पिन काढून ठेवली होती. तो चालूच नव्हता. सहाही वेळा शेगडीच होती."

कानसेनने चादर सारून पाहिलं. पिन खरंच डब्याशेजारी पडली होती.

"दुकानात करते तेच केलं," ती म्हणाली. "नुसती टकटक. मला वाटलं तुम्ही दोघंही तोंडावर पडाल, जरा हसाल, आणि मग चहा टाकू."

त्याने सारवासारव करायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. आधी म्हणाला की घरातलं व्होल्टेज वरखाली होत असणार. मग म्हणाला की ट्यूब तापत जाते तसा आवाज बदलतो, हे गटात सिद्ध झालेलं आहे. मग त्याचं त्यालाच ते ऐकवेना. घंटेला कडा आहेत म्हणे. त्याच्याच घंटेला, त्याच्याच ट्यूबमधून, त्याच्याच दोन नावाजलेल्या कानांनी. सहापैकी तीन. नाणं उडवलं असतं तरी तेवढे आले असते, आणि नाण्याने उलट्या बाजूला सही केली नसती. तो हसायला लागला. स्वतःला इतकं सपशेल उघडं पडलेलं बघण्यात एक प्रकारचा आराम असतो, घट्ट बूट काढल्यासारखा.

"भावोजींचं वाच," तो म्हणाला. "त्यांनीही काय दिवे लावलेत बघू."

बायकोने दुसरी चिठ्ठी उघडली आणि तिचं हसू थांबलं. ती चिठ्ठी तिने त्याच्यापुढे धरली. एकाखाली एक, लिफ्टच्या तपासणीच्या वहीत लिहावं तशा सरळ अक्षरात: ट्यूब. ट्यूब. ट्यूब. ट्यूब. ट्यूब. ट्यूब.

"तुम्हाला दिसत होतं का चादरीतून?" तिने विचारलं.

"नाही," भावोजी म्हणाले.

"मग कसं ओळखलंत?"

 भावोजींनी ताईकडे पाहिलं. "सांगून टाका आता," ताई म्हणाली. "किती दिवस घेऊन बसणार आहात?"

मग भावोजी पाच महिन्यांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलले. "घंटा वाजली का रे?"

"वाजली की," कानसेन म्हणाला. "सहाही वेळा."

"मला एकदाही नाही वाजली."

 भावोजी पेनाचं टोपण काढत, लावत राहिले.

"वरचे सूर गेलेत माझे," ते म्हणाले. "तीस वर्षं लिफ्टच्या मोटारीच्या खोल्यांत उभा राहिलो, डॉक्टर म्हणाले त्याचंच आहे. बोललेलं सगळं कळतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण घंटा गेली. दोनेक वर्षं झाली असतील. तुझं बोट वर गेलं की मी माझं वर करायचो."

कानसेनला ते आठवलं. भावोजींचं बोट जरासं मागाहून जायचं. त्याला ते दिसलं होतं, दर रविवारी दिसलं होतं, आणि त्याने त्याचा अर्थ असा लावला होता की यांचं हल्ली लक्ष नसतं.

"त्या डब्यात एक सोय आहे," भावोजी म्हणाले. "आधी तो फोनमधून बारीक बारीक आवाज काढतो, ऐकू आला की बटण दाबायचं. मग जे आपल्याला कमी येतं ते तो वाढवून देतो. लावलं, आणि घंटा वाजली. तीनदा. मी तुझ्या ताईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. म्हणून लिहिलं मी गटात. दुसरं कुणाला सांगणार?"

जे हरवलं होतं ते परत मिळालं. कानसेनने ते वाक्य पाच महिन्यांत निदान पन्नासदा वाचलं होतं, दर वेळी त्यातली चूक शोधायला.

"म्हणजे आजची तशी लबाडीच होती माझी," भावोजी म्हणाले. "घंटा आली तर डबा, नाही आली तर ट्यूब, एवढंच. मी डब्याची वाट बघत होतो. तिसऱ्या वेळी नाही आली, चौथ्या वेळी नाही आली. पाचव्या वेळी म्हटलं, संपलं. आता डब्यातूनसुद्धा नाही येत. हाही गेला. तरी ट्यूबच लिहिलं, म्हटलं दुसरं लिहायची हिंमत नाही."

बायकोने तोंडावर हात ठेवला. "मला काय माहीत हो भावोजी," ती म्हणाली. "मी गंमत करायला गेले."

"तू काय केलंस त्यात," ते म्हणाले. "पिनच काढली होतीस हे ऐकून मला किती बरं वाटलं ते तुला नाही कळायचं."

कानसेन खुर्चीवर बसून होता. रोज दुकानात येणाऱ्या माणसांना तो सांगायचा की चष्मा लागणं यात कमीपणा काही नाही, वयाप्रमाणे होतंच, उलट उशीर केलात. हे तो इतक्या आपुलकीने सांगायचा की लोक दोन चष्मे घेऊन जायचे. आणि ज्या एका माणसाने कानांचा चष्मा मिळाल्याचा आनंद त्याला सांगितला होता, त्याला त्याने सोळा हसऱ्या तोंडांसमोर म्हटलं होतं की कान तपासून घ्या. तपासूनच आला होता बिचारा. त्याला इतकं वाईट वाटलं की विनोदसुद्धा सुचेना, आणि विनोद न सुचणं हे त्याच्या बाबतीत प्रकृती बिघडल्याचं लक्षण असे.

"भावोजी," तो म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलं," भावोजी म्हणाले. त्यांनी तोंडदेखलं 'छे छे' केलं नाही, आणि तेच बरं झालं. जरा वेळाने ते म्हणाले, "गटात मात्र माझ्या कानांचं काही लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"हरलास ते लिही. ठरलंय तसं."

चहा झाला. कानसेनने तिथेच बसून लिहिलं. त्याचं आयुष्यातलं सगळ्यात छोटं परीक्षण ते. 'भावोजी सहापैकी सहा. मी सहापैकी तीन. पाच महिन्यांपूर्वी मी त्यांना कान तपासायला सांगितलं होतं. ते शब्द मागे घेतो. तपासायचं असेल तर माझं डोकं तपासा.' मग थोडं थांबून, खरं सांगायचंच तर सगळं सांगावं म्हणून, वायरच्या पाकिटाचंही लिहून टाकलं.

 मग फोन टुणटुणायला लागला तो थांबेना. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं की सहापैकी सहा वेळा फरक ओळखू आला, याचा अर्थ ट्यूबची ऊब आता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली. मास्तरांनी लिहिलं की कानसेनसारख्याला ओळखू आली नाही, याचा अर्थ फरक नसतोच. संध्याकाळपर्यंत दोन तट पडले आणि दोन्हीकडचे लोक पुरावा म्हणून त्याचंच नाव घेत होते. वायरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उलट एकाने विचारलं की ती वायर विकायची आहे का. कानसेनने आपलं टोपणनाव पुसून तिथे 'चष्मेवाला' असं लिहिलं आणि फोन खणात ठेवला. नाव गटात गेलं, पण घरात काही गेलं नाही. बायको अजून कानसेनच म्हणते.

पुढच्या रविवारी पावणेदहाला त्याने शेगडी पेटवली नाही. मांजर दोनदा येऊन गार लोखंडाचा वास घेऊन गेलं. दहाला दारावर थाप पडली. भावोजींच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि हातात पिशवी.

"तुझी पेटव ना," ते म्हणाले. "मी ऐकतो. मला पियानो ऐकू येतो की सगळा."

"ती उद्या ऐकतो मी," कानसेन म्हणाला. "आज डबा लावा."

भावोजींनी डबा लावला, फोनवर काहीतरी सरकवलं, आणि दोघं खुर्च्यांवर बसले. बाई गायला लागली. भावोजींच्या कानांसाठी वरचं सगळं वाढवलेलं होतं, त्यामुळे कानसेनच्या कानांत प्रत्येक 'स' सुईसारखा घुसत होता आणि पियानोच्या वरच्या पट्ट्या कुणी चमच्याने काचेवर वाजवाव्यात तशा येत होत्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याला अकरा विशेषणं सुचली. त्यातली तीन तर फारच चांगली होती. त्याने ती सगळी गिळली आणि डोळे उघडे ठेवून भावोजींकडे बघत बसला.

चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर चढला की माणूस दुकानाच्या दाराबाहेर बघतो. समोरच्या झाडाला सुटी सुटी पानं आहेत हे त्याला कळतं, आणि तो जरा वेळ काही बोलत नाही. कानसेनने ते तोंड हजारो वेळा पाहिलं होतं आणि त्याचा कधी कंटाळा आला नव्हता. भावोजींचे डोळे मिटलेले होते, पण तोंड तेच होतं. ते इतक्या एकाग्रतेने वाट बघत होते की त्यांचे ओठ जरासे उघडे राहिले होते. कडवं संपलं. भावोजींचं बोट वर गेलं, ठामपणे, लिफ्टचं बटण दाबावं तसं. मग खोलीभर घंटा वाजल्याचं कानसेनच्या ध्यानात आलं, आणि त्याचं बोट मागाहून वर गेलं.

भावोजींनी एक डोळा उघडला. "उशीर झाला तुला," ते म्हणाले.

"हो," कानसेन म्हणाला. "पाच महिने."